मुरणारा रंग आणि बसणारा रंग

गेल्या नाताळापूर्वीं शाळेच्या पेटींतून गव्हाणीच्या देखाव्याच्या मूर्ति बाहेर काढीत असतां असें आढळून आलें कीं, तीन मेंढपाळांपैकीं एकाचें मस्तक तुटून त्याचा पार भुगा झाला आहे. मूर्ति प्लॅस्टरच्या व बऱ्याच वर्षांच्या. दुरुस्तीस हात लावावा तर आणखी तुकडे पडावयाचे. नवीन संच मागविण्याइतका वेळ नव्हता, आणि खरें सांगावयाचें तर पैसाही नव्हता. अशा वेळीं आठव्या इयत्तेंतील एका विद्यार्थ्यानें आपल्या दप्तरांतून प्लॅस्टिकचा एक शिपाई काढून आमच्या मेजावर ठेवला. वीतभर उंची, हिरवा गणवेश, गुलाबी तोंड, हातांत बंदूक.

"सर, ह्याला मेंढक्या करू का? आमच्या मामावानी," असें त्यानें विचारिलें.

त्याचा मामा गोरेगांवच्या शिवारांत मेंढ्या राखतो. आम्हीं होय म्हटलें, आणि त्या एका शब्दापायीं पुढचे तीन आठवडे आम्हांस रसायनशास्त्राची जी उजळणी करावी लागली, ती येथें वाचकांपुढें मांडीत आहों.

अशा खेळण्यास हल्लीं ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात, व त्या नांवाची एक गंमत आहे. १९६४ सालीं अमेरिकेंतील हॅसब्रो कंपनीनें ‘जी. आय. जो’ नांवाचा बारा इंच उंचीचा, सांधे हलणारा शिपाई बाजारांत आणला. तो होता बाहुलाच. परंतु मुलगे बाहुलीशीं खेळणार नाहींत या भीतीनें त्यास बाहुली न म्हणतां हें नवें नांव देण्यांत आलें. (आमच्या गांवचे मुलगे पोळ्याला मातीचे बैल घेऊन खुशाल मिरवितात, त्यांस असल्या भयाची बाधा झालेली आम्हीं पाहिली नाहीं.) पुढें १९८२ सालीं हाच शिपाई पावणेचार इंचांचा होऊन पुन्हां अवतरला. आपल्या देशांत तो फनस्कूल या कंपनीनें काढला. ही कंपनी १९८७ सालीं सुरू झाली व तिचा कारखाना गोव्यांत उभा राहिला. शिपायाचे सांचे अमेरिकेंतले, पण त्यांत ओतावयाच्या प्लॅस्टिकचे रंग इकडचे; त्यामुळें तिकडच्या शिपायाहून इकडचा शिपाई पुष्कळदां निराळ्याच रंगांत निघे. परदेशांतील हौशी संग्राहक हे भारतीय शिपाई मुद्दाम शोधून घेतात. सांचा तोच, नाक तेंच, परंतु रंग पालटला कीं मनुष्य पालटतो, हें त्यांस कळून चुकलेलें आहे. आणि म्हणूनच कित्येक जण विकत घेतलेलें खेळणें जसेंच्या तसें न ठेवतां स्वतःच्या हातानें रंगवून त्याचा दुसराच पुरुष बनवितात.

आपल्याकडे ही कला अगदींच अपरिचित आहे असें मात्र कोणी समजूं नये. पोळ्याच्या सकाळीं आमचा शेतकरी काय करतो? बैल तोच, परंतु त्याच्या शिंगांस चकचकीत रंग लावतो, अंगावर गेरूचे गोल ठसे उठवितो, आणि वर्षभर चिखलांत राबलेला तो प्राणी त्या दिवशीं ओळखूं येत नाहीं. पुणें-साताऱ्याकडे दिवाळींत मुलें मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडतात. त्यांतील किती तरी मावळ्यांचीं पागोटीं घरींच रंगविलेलीं असतात. तेव्हां हौस जुनीच आहे. नवें आहे तें प्लॅस्टिक, आणि प्लॅस्टिकचा स्वभाव मातीसारखा सरळ नाहीं.

तो स्वभाव आम्हांस ठाऊक नव्हता, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. शाळेचें फाटक रंगवून उरलेला तैलरंगाचा डबा आमच्या हाताशीं होता. तोच आम्हीं शिपायाच्या तोंडास व हातांस लावला व त्यास खिडकींत वाळत ठेविलें. दुसऱ्या दिवशीं बोट लावून पाहिलें तों रंग चिकट. आठव्या दिवशींही चिकटच. पंधराव्या दिवशीं त्याच्या गालावर कापसाचे धागे, खडूची धूळ व एक मुंगी, इतका परिवार जमलेला होता! फाटकावर जो रंग दुसऱ्या दिवशीं खडखडीत वाळला, तो या गालावर कां वाळूं नये? दोष रंगाचा नव्हता. दोष, दुसऱ्या कोणाचा नसून, आमचा होता.

मऊ खेळण्यांचीं तोंडें व हात बहुधा पी. व्ही. सी. या प्लॅस्टिकचे असतात. हें प्लॅस्टिक मुळांत कठीण व ठिसूळ. तें रबरासारखें लवावें म्हणून त्यांत तेलासारखा एक द्रव पदार्थ कालवितात. हा द्रव प्लॅस्टिकमध्यें पक्का बांधलेला नसतो. तो हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतो. त्यावर तैलरंगाचा थर दिला कीं हा द्रव त्या थरांत शिरतो व त्यास आंतून मऊ करीत राहतो. वरून हवा वाळविते, खालून तेल भिजविते. मग रंगानें वाळावें तरी कसें? पाण्यांत कालविण्याच्या ॲक्रिलिक रंगावर या द्रवाचा परिणाम पुष्कळ कमी होतो, यास्तव अशा तोंडास तोच रंग योग्य. तोही साबणाच्या पाण्यानें खेळणें स्वच्छ धुवून, बारीक कागदानें किंचित् घासून, पाण्यासारखा पातळ, एकावर एक असा तीन-चार वेळां द्यावा. घाईनें दिलेला एक जाड थर नाकाडोळ्यांचे उंचसखल भाग बुजवून टाकतो, आणि मग शिपायाचा बटाटा होतो.

सुदैवानें त्या मुलाजवळ तसाच दुसरा शिपाई होता. पण या खेपेस त्याला हात लावण्यापूर्वीं एका निराळ्याच ठिकाणाहून आम्हांस धडा मिळाला. मुलाची आई शाळेंत आली होती. आमची ही फजिती ऐकून ती हंसली व म्हणाली, "सर, वरून लावलेलं निघतंच. आमच्या हळदीच्या डब्याचं झाकण बघा; चार वर्षं घासते, पिवळं ते पिवळंच."

वाचक हो, हिंगोली जिल्ह्यांत राहून आम्हांस हें सुचूं नये, याची आम्हांस लाज वाटली. वसमतच्या हळदीचा व्यापार ज्या जिल्ह्यांत चालतो, तेथें हळदीनें पिवळें झालेलें प्लॅस्टिक कोणत्या घरांत नाहीं? या डागांतच सर्व शास्त्र सांठविलेलें आहे. हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिन नांवाच्या द्रव्यामुळें येतो. हें द्रव्य पाण्यांत फारसें विरघळत नाहीं, तेलांत विरघळतें. प्लॅस्टिक हें तेलाच्या जातीचें असल्यामुळें कर्क्युमिनचे सूक्ष्म कण पाण्यापेक्षां प्लॅस्टिकमध्यें राहणें पसंत करतात, आणि पदार्थ गरम असेल तर अधिकच त्वरेनें आंत शिरतात. मग कितीही घासा. डाग वर नसतोच, आंत असतो. येथें आम्हांस रंगाचे दोन भेद स्पष्ट झाले: एक बसणारा रंग, जो वस्तूच्या अंगावर थर होऊन राहतो, दुसरा मुरणारा रंग, जो अंगांत जातो. पहिल्यास इंग्रजींत पेंट म्हणतात, दुसऱ्यास डाय. रंगाऱ्याचा डबा व रंगरेजाची कढई यांतील हा भेद आहे.

बाहुल्याच्या बाबतींत हा भेद फार महत्त्वाचा ठरतो, कारण बाहुल्यास सांधे असतात. खांदा फिरला कीं प्लॅस्टिक प्लॅस्टिकवर घासतें. तेथें बसणारा रंग लावाल तर एक तर थरानें सांधा जखडतो, नाहीं तर दोन दिवसांत रंग खरवडून आंतला हिरवा गणवेश डोकावूं लागतो. मुरणाऱ्या रंगास जाडीच नाहीं. तो घासला तरी खालीं पुन्हां तोच रंग. म्हणून हात, पाय, धड यांस मुरणारा रंग. आणि तोंड, पागोटें, दाढी यांस बसणारा, अशी कामाची वांटणी आम्हीं केली.

आतां मुरणारा रंग कोणता घ्यावा? बाजारांत मिळणारी रंगाची प्रत्येक पुडी चालत नाहीं. सुती कापडाचा रंग आम्हीं आधीं वापरून पाहिला. तो नळाखालीं धरतांच सर्व वाहून गेला, कारण तो कापसाच्या तंतूस धरणारा असतो. नायलॉन किंवा पॉलिएस्टर साडीसाठीं जे रंग विकतात, त्यांतच प्लॅस्टिकमध्यें मुरणारे रंग असतात. पॉलिएस्टरच्या रंगांचा जन्म १९२० नंतरच्या दशकांतला. त्या काळीं ॲसिटेटचें कृत्रिम रेशीम निघालें होतें व जुना कोणताही रंग त्यास नीट धरीना. तेव्हां पाण्यांत जवळजवळ न विरघळणारे, नुसते कण होऊन तरंगणारे असे रंग शोधण्यांत आले. हळदीची आणि त्यांची रीत एकच: पाण्यांत करमत नाहीं, म्हणून वस्तूंत शिरतात.

परंतु सर्व प्लॅस्टिक सारखें नसतें. पॉलिथीन व पॉलिप्रॉपिलीन यांच्यावर बसणारा रंग टिकत नाहीं व कापडाचा रंगही त्यांस नीट धरीत नाहीं; हळदीनें मात्र त्यांचेही डबे सोडलेले नाहींत. ए. बी. एस., नायलॉन व पी. व्ही. सी. हीं त्या मानानें सुलभ. यांची पारख घरच्या घरीं होते. पॉलिथीन व पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकीं, म्हणून तरंगतात. बाकीचीं तीन बुडतात. पोकळ खेळणें आंतील हवेमुळें फसवितें, म्हणून भरीव तुकडाच घ्यावा. आम्हांस तुकडा हवाच होता. मेंढपाळाच्या हातीं बंदूक कशाला? ती कापून पेल्यांतील पाण्यांत टाकली. ती सरळ तळाशीं गेली, आणि वर्गांत मोठा आनंद झाला.

एका जुन्या पातेल्यांत पाणी उकळून, चुलीवरून उतरून, त्यांत तपकिरी रंगाची पुडी कालविली व शिपायास दोऱ्यास बांधून वीस मिनिटें त्यांत सोडलें. उकळत्या पाण्यांत ठेवूं नये; मऊ हातपाय वांकडे होतात. (तथापि मूठ उघडण्यासाठीं हीच युक्ति कामीं आली: गरम पाण्यानें मऊ झालेल्या मुठींत बांबूची काडी खोंचून वर थंड पाणी ओतलें, तों काठी हातांत घट्ट बसली.) ज्या पातेल्यांत रंग उकळला त्यांत पुन्हां कधींही अन्न शिजवूं नये, आणि हें काम मोठ्या माणसाच्या देखत व्हावें, हें आम्ही आग्रहानें सांगतों. आणखी एक मर्यादा: मुरणारा रंग मूळ रंगास गडद करूं शकतो, उजळ करूं शकत नाहीं. हिरव्यांत तपकिरी मुरून शिपायाचें अंग काळपट घोंगडीसारखें निघालें. आम्हांस तेंच हवें होतें. पांढरें धोतर हवें असतें तर मात्र कुंचलाच घ्यावा लागला असता.

पागोटें पिवळें असावें म्हणून एका हौशी मुलीनें तें हळदीच्या तेलानें रंगविण्याचा घाट घातला. रंग सुरेख चढला, पण बाहुला खिडकींत होता. थोड्याच दिवसांत पागोटें फिकें पडलें. कर्क्युमिनचे रेणु सूर्यप्रकाशानें फुटतात. डब्याचें झाकण चार वर्षें पिवळें राहिलें तें स्वयंपाकघराच्या अंधारामुळें! सातवीच्या मुलांनीं दोन डागाळलेलीं झाकणें घेऊन एक उन्हांत व एक कपाटांत ठेवून हें पडताळून पाहावें. त्यांच्या आयांची या प्रयोगास हरकत नसावी.

तोंडाचें काम सर्वांत अवघड, व त्यांतही डोळे. दोन मिलिमीटर रुंदीच्या डोळ्यांत बाहुली काढतांना हात थोडा जरी हलला तरी मेंढपाळ चकणा होतो. येथें उतरत्या छापाचा उपयोग झाला. शिलाईच्या जुन्या यंत्रावर सोनेरी वेलबुट्टी असते, ती पुष्कळांनीं पाहिली असेल. ती हातानें काढलेली नसून कागदावर आधीं छापून मग यंत्रावर उतरविलेली असते. कागद व चित्र यांच्यामध्यें डिंकासारख्या द्रव्याचा थर असतो. पाण्यांत तो विरघळला कीं चित्राचा पापुद्रा कागदावरून सरकतो. आमच्या मुलानें बाभळीचा डिंक पाण्यांत विरघळवून गुळगुळीत कागदावर त्याचा हात दिला, वाळल्यावर वर पारदर्शक व्हार्निशचे दोन हात दिले, आणि त्यावर अगदीं बारीक कुंचल्यानें डोळ्यांच्या बारा जोड्या काढल्या. त्यांवर पुन्हां व्हार्निश. अकरा जोड्या टाकून देण्याजोग्या निघाल्या. या पद्धतीचा खरा लाभ हाच आहे: चूक होते ती कागदावर होते, चेहरा सुरक्षित राहतो. बारावी जोडी कापून पाण्यांत टाकली. थोड्या वेळानें पापुद्रा सुटला. तो चिमट्यानें उचलून तोंडावर ठेविला व ओल्या कापसानें दाबून बसविला.

घोंगडीच्या कांठाच्या पट्ट्यांसाठीं याहून सोपी रीत वापरली. कागदावर मोठी नक्षी काढून झेरॉक्सच्या दुकानांतून ती लहान करून आणली. झेरॉक्सची शाई वस्तुतः शाई नव्हेच. ती प्लॅस्टिकची काळी भुकटी असते व यंत्रांतील उष्णतेनें कागदास चिकटते. म्हणून ती पाण्यानें फुटत नाहीं. नक्षीवर पारदर्शक चिकटपट्टी घट्ट दाबली, सर्व पाण्यांत भिजविलें, व मागचा कागद बोटानें चोळून काढला. कागद गेला, नक्षी पट्टीवर राहिली, व थोडा चिकटपणाही उरला. पट्टी चकाकते, म्हणून तोंडावर ही रीत शोभत नाहीं. शिवाय पारदर्शक छापाखालीं जो रंग असेल तो दिसतोच; काळ्या घोंगडीवर काळी नक्षी कोण पाहणार? तेथें आधीं पांढरा पट्टा रंगवून घ्यावा लागला.

खालचा थर आधीं, नक्षी मागून, हा नियम आपल्या जुन्या कारागिरांस पक्का ठाऊक होता. सावंतवाडीचे चितारी गंजिफाच्या पानास आधीं चिंचोक्याची खळ व खडूची पूड यांचा हात देत व मग त्यावर चित्र काढीत. निर्मळ येथील खेळणीं पोणिकी नांवाच्या हलक्या लांकडाचीं असतात. तेथेंही रंगापूर्वीं पृष्ठभाग भरून गुळगुळीत केल्यावांचून कुंचला लावीत नाहींत. निर्मळ आतां तेलंगणांत आहे. परंतु १९४८ पर्यंत तें व आपलें हिंगोली हीं दोन्हीं निजामाच्या एकाच राज्यांत होतीं, तेव्हां तीं खेळणीं आपणांस परकीं म्हणतां येत नाहींत.

पालकांस एक गोष्ट सांगावयाची राहिली. घरांत वर्षानुवर्षें पडलेला जुना तैलरंग मुलांच्या खेळण्यास कधींही लावूं नका. जुन्या पिवळ्या व तांबड्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो, आणि शिसें लहान मुलाच्या मेंदूस बाधतें. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी ठरविणारे नियम २०१६ सालीं निघाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू झाले. त्यापूर्वींच्या डब्याचा भरंवसा नाहीं. विकावयाच्या खेळण्यांस १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह आवश्यक झालें आहे; परंतु आपण घरीं त्यावर जो रंग चढवितों त्यास तें चिन्ह लागू नाहीं. रंगविलेला बाहुला तोंडांत घालणाऱ्या तान्ह्या मुलाच्या हातीं देऊं नये.

आतां राहिला प्रश्न तोंडाच्या रंगाचा. मुलानें मामाचें तोंड डोळ्यांसमोर ठेवून काळासांवळा रंग कालविला, दाढीचे खुंट पांढरट काढले, आणि बाहुला गव्हाणीजवळ उभा राहिला. इतर मूर्ति पूर्वींच्या, गोऱ्या गुलाबी. त्यांत हा एकटा घोंगडीवाला. मंडळींतील एका वयोवृद्ध गृहस्थांस तें रुचलें नाहीं. "बेथलेहेमांत घोंगडी कुठून आली?" असें त्यांनीं आम्हांस सर्वांदेखत विचारिलें. प्रश्न रास्त होता. परंतु बेथलेहेमांत गुलाबी गाल तरी कोठून आले, हा प्रश्नही तितकाच रास्त होता, व तो आम्ही त्या वेळीं वयाच्या मानामुळें विचारूं शकलों नाहीं. मुलगा खालीं मान घालून उभा होता. आमच्या मौनाचें आम्हांस आजही वाईट वाटतें.

हा वाद कांहीं आमच्या शाळेंत प्रथम उपस्थित झाला नाहीं. गोव्याचे चित्रकार ॲंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनांत अवनींद्रनाथ ठाकुरांजवळ शिकून परतले व त्यांनीं मरियेस साडी नेसवून, सांवळ्या चेहऱ्याची अशी चितारिली. गोव्यांत त्यांच्यावर एवढी टीका झाली कीं ते पुण्यास येऊन ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत राहिले व तेथें चित्रें काढीत राहिले. त्यांचीं पुष्कळ चित्रें आज गोव्यांतच, पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रांत, जपून ठेविलेलीं आहेत. दुसऱ्या दिवशीं परिपाठाच्या वेळीं आम्हीं या चित्रकाराची हकीकत सर्व मुलांस सांगितली. ते गृहस्थही तेथें मागें बसले होते. ते कांहीं बोलले नाहींत, परंतु जातांना गव्हाणीजवळ थांबून त्यांनीं घोंगडीचा कांठ वांकून पाहिला व तो कसा छापला, हें मुलास विचारिलें. मुलानें चिकटपट्टीची रीत त्यांस सविस्तर सांगितली.

मामा नाताळच्या दुसऱ्या दिवशीं मेंढ्या गांवाबाहेर बसवून देखावा पाहण्यास आले. बराच वेळ पाहून त्यांनीं एवढीच चूक काढली कीं, काठी फार आंखूड आहे. मेंढक्याची काठी खांद्याच्या वर यावयास पाहिजे. ती त्याच संध्याकाळीं बदलण्यांत आली. बाहुला आतां इतर मूर्तींबरोबर कागदांत गुंडाळून पेटींत ठेविला आहे. पेटी बंद करतांना गव्हाणींतील बैलाचें एक शिंग सैल झालेलें दिसलें, आणि यंदा त्यास पोळ्याचा रंग द्यावा कीं काय, याविषयीं आठवीच्या वर्गांत दोन पक्ष पडले आहेत.